नाचाच्या क्लासमधून थेट ट्रेनच्या टपावर : नादियाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या स्टंटपटांवर लिहिताना फिअरलेस नादिया ह्या जुन्या हिंदी सिनेमातल्या मारधाडीच्या हिरॉइनबद्दल एकच वाक्य टाकलं होतं, की ही बाई मुळात स्टेजवर नाचणारी. तेवढ्यावरून इतके मेसेज आलेत की म्हटलं ह्या वेळचं अख्खं सदर तिलाच देऊन टाकू. बाकीच्यांचे नोकरी, सासू, स्किन वगैरे प्रश्न पुढच्या अंकात घेते, रागावू नका. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हटलंय त्यामुळे सगळ्यांचीच फक्त गावं टाकलीयत.

प्रश्न : ताई, नादिया नक्की कुठली? कोणी ऑस्ट्रेलियन म्हणतं कोणी रशियन. आणि ती सिनेमात आलीच कशी? (नाशिक)

रशियन अजिबात नाही, ते नावामुळे वाटतं. खरं नाव मेरी अ‍ॅन इव्हान्स, जन्म 8 जानेवारी 1908, ऑस्ट्रेलियातलं पर्थ. वडील ब्रिटिश फौजेत होते म्हणून ती अगदी लहानपणीच मुंबईला आली, पुढे पहिल्या महायुद्धात वडील गेले आणि आई तिला घेऊन पेशावरला गेली. घोड्यावर बसणं, बंदूक चालवणं, शिकार, हे सगळं तिकडचं. वीस वर्षांची होऊन 1928 ला ती परत मुंबईत आली तेव्हा सोबत आई आणि एक लहान मुलगा. म्हणजे घर चालवायचं होतं, हौस वगैरे नंतर. आर्मी अँड नेव्ही स्टोअरमध्ये सेल्सगर्लची नोकरी केली, टायपिंग शॉर्टहँड शिकून जरा बरी नोकरी बघू असंही चाललं होतं, आणि अंग जरा सुटलंय म्हणून मादाम अस्त्रोव्हा नावाच्या एका रशियन बाईंकडे बॅलेच्या क्लासला जायला लागली. आता वजन कमी करायला म्हणून क्लास लावणाऱ्या बायका आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, पण हिचं पुढे भलतंच झालं. अस्त्रोव्हाबाईंची मंडळी गावोगावी शो करायची, छावण्यांमध्ये गोऱ्या शिपायांपुढे, संस्थानिकांच्या दरबारात, छोट्या शहरातल्या थिएटरमध्ये, आणि ही त्यांच्यासोबत फिरायला लागली. नाव बदललं ते एका आर्मेनियन ज्योतिषीण बाईंच्या सांगण्यावरून, त्या म्हणाल्या एन अक्षरावरून नाव घे, नशीब उघडेल. 1930 च्या सुमाराला झार्को सर्कशीतही काम केलं.

मग लाहोरच्या रीगल थिएटरचे मॅनेजर एरच कांगा, त्यांनी हिला बघितलं आणि मुंबईत जेबीएच वाडियांकडे शब्द टाकला. वाडिया मूव्हीटोन ही त्यांची सिनेमा कंपनी 1933 ला सुरू झालेली, जमशेद म्हणजे जेबीएच मोठा भाऊ, होमी धाकटा. जेबीएचना मुलगी आवडली पण सोनेरी केस आणि निळे डोळे बघून ते विचारात पडले, म्हणाले नाव नंदादेवी घेऊ आणि लांब काळ्या वेण्यांचा टोप लावू. तर ही सरळ नाही म्हणाली. मी गोरी बाई, काळ्या वेण्यात विदूषक दिसेन, आणि देवी तर मी मुळीच नाही, शिवाय नादिया आणि वाडिया जुळतंय की छान, असा तिचा जबाब! नवीन माणसाने पहिल्याच भेटीत मालकाला असं सुनवायचं म्हणजे बघा. मालकालाही ते पटलं हे विशेष. आधी 'देश दीपक'मध्ये गुलाम मुलीचं छोटं काम दिलं, मग 'नूर-ए-यमन'मध्ये राजकन्या परीझाद, आणि लगेच 1935 मध्येच 'हंटरवाली'.

प्रश्न : मी गेली काही वर्षं कथक शिकतेय म्हणून विचारते, नाचाचा मारामारीला खरंच काही उपयोग होतो का? की सगळा घोडेस्वारी आणि सर्कशीचा प्रताप? (पुणे)

घोडेस्वारी आणि सर्कस होतीच, ते कोण नाकारतंय, पण माझं मत विचारशील तर खरं भांडवल नाचाचंच. अस्त्रोव्हाच्या शोमध्ये ती कार्टव्हील आणि स्प्लिट्स पक्के शिकली, म्हणजे हातावर भार घेऊन बाजूने कोलांटी आणि दोन्ही पाय जमिनीला सपाट लावून बसणं, आणि हेच सगळं पुढे पडद्यावर दिसतं.

त्या काळच्या सिनेमातली मारामारी नीट बघितली तर लक्षात येईल की कॅमेरा बराच वेळ लांब उभा असतो, माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतो आणि कट कमी. आजच्यासारखं सेकंदाला तीन कट मारून बुक्की लागल्याचा भास करून देता येत नव्हता. म्हणजे शरीराला खरंच ते करता यायला पाहिजे, आणि नुसतं करता येऊन भागत नाही, मागच्या रांगेतल्या बाकड्यावरच्या माणसाला ते नीट दिसलं पण पाहिजे. हे स्टेजवर नाचणाऱ्या माणसाच्या अंगातच असतं, हात कुठपर्यंत न्यायचा, तोंड कुठे ठेवायचं, थांबायचं कुठे. 'मिस फ्रंटियर मेल' 1936 चा, त्यात चालत्या ट्रेनच्या टपावर मारामारी आहे, ती बघ. नादिया एकेका बाप्याला उचलून डोक्यावर घेते आणि भिरकावते. आता तुला तर माहितीच असेल की जोडीच्या नाचात उचलणाऱ्याच्या ताकदीइतकंच उचलला जाणाराही काम करत असतो, तो बरोबर ठेक्यावर उडी मारतो, अंग ताठ धरतो, तेव्हा कुठे तो वर जातो. फायटिंगमध्ये पण अगदी तेच, दोघांचा श्वास एका मात्रेवर आला नाही तर कंबर तरी जाते नाहीतर शॉट तरी. पैलवान आणून उभा केला तर तो माणूस उचलेल पण त्याला ते दिसायला सोप्पं नाही करता येणार. नादियाचं सगळं सोप्पं दिसायचं, दोन्ही हात कमरेवर ठेवून हसत उभी राहायची आणि ती 'हे-ए-ए' अशी आरोळी, थिएटरात पोरं तिच्याबरोबर ओरडायची.

कथकवाल्यांना एक जास्तीचा फायदा, चक्कर. गरगर फिरून पुन्हा एका जागी नजर लावून थांबता येणं ही चैन ज्याला त्याला नसते.

प्रश्न : डुप्लिकेट न वापरता स्टंट करायची हे खरं का? जाहिरातबाजी असेल. (कोल्हापूर)

खरं आहे. वाडियांकडे तेव्हा स्टंटसाठी वेगळी बाई होतीच कुठे? घोडा, चाबूक, तलवार, धबधबा, छतावरून उडी, सगळं हिचं हिनेच केलं. 1942 च्या 'जंगल प्रिन्सेस'मध्ये तर चार सिंहांबरोबर काम आहे, आणि ते सिंह काही ट्रिकचे नव्हते. सोबत जॉन कावस, पारशी बॉडीबिल्डर, दोघांची जोडी पुष्कळ सिनेमांत आहे. घोड्याला पण नाव होतं, पंजाब का बेटा. गनबोट नावाचा कुत्रा आणि रोल्सरॉइस की बेटी नावाची मोटार, ही मंडळी पण जवळजवळ हिरोच.

पण तुम्ही कोल्हापूरचे म्हणून एक सांगते, हे सगळं ऐकायला भारी वाटतं, तेव्हा सेटवर सेफ्टी नावाचा प्रकार फारसा नव्हता. ललिता पवारांचं तर सगळ्यांना माहिती आहे, 1942 च्या सुमाराला शूटिंगमध्ये एक थप्पड जोरात बसली, भगवानदादांच्या हातून, चेहऱ्याची एक बाजू गेली, डोळा कायमचा अधू झाला आणि हिरॉइनची चरित्र अभिनेत्री झाली. एका थपडेने! तिथे सिंह आणि ट्रेन करून नादिया साबूत राहिली ह्यात धाडस आहेच, नशीबही आहे, आणि पडावं कसं हे अंगाला माहिती असणं हे पण आहे.

प्रश्न : माझे वडील सांगायचे की त्यांनी हंटरवाली ग्रँटरोडला बघितला आणि त्याचा स्टुडिओ आपल्या परळलाच होता. आमच्या नातवाला पटत नाही. (लालबाग, एक आजोबा)

आजोबा, नातवाला हे पान दाखवा. 'हंटरवाली' ग्रँट रोडच्या सुपर सिनेमाला लागला होता आणि पंचवीस आठवडे चालला. गंमत म्हणजे आधी कोणी डिस्ट्रिब्युटर हात लावायला तयार नव्हता. गोरी बाई, आखूड चड्डी, बूट, तोंडावर मुखवटा आणि हातात चाबूक, हे बघून सगळे बिचकले. शेवटी वाडियांनी भागीदार बिलिमोरियांना बरोबर घेऊन स्वतःच रिलीज केला. नंतर नादियाच्या नावाचे चाबूक, पट्टे, काडेपेट्या बाजारात आल्या, त्यातला पैसा वाडियांना मिळाला नाही तो वेगळा विषय.

गोष्ट म्हणाल तर साधी. राजाला वजीर पळवून नेतो, राजकन्या माधुरी मुखवटा घालून गरिबांवरचा अन्याय निस्तरते. गिरणगावातल्या माणसाला मुकादम कसा असतो ते पडद्यावरच्या वजिरावरून कळायला वेगळं शिकवायला लागत नव्हतं.

आणि स्टुडिओ, हो, परळच. लवजी कॅसल हा वाडियांचा वडिलोपार्जित वाडा, हे लोक म्हणजे जहाजं बांधणाऱ्या लवजी वाडियांचे वंशज. तिथेच वाडिया मूव्हीटोन होती, आणि 1942 ला व्ही. शांताराम प्रभात सोडून मुंबईत आले तेव्हा त्यांनी राजकमल कलामंदिर काढलं ते ह्याच जागेत. म्हणजे आपण मराठी माणसं ज्या राजकमलचं नाव इतक्या कौतुकाने घेतो त्या फ्लोअरवर आधी नादियाने लोकांना उचलून आपटलेलं आहे.

प्रश्न : एकीकडे स्वातंत्र्याची चळवळ चालू आणि लोक एका गोऱ्या बाईला टाळ्या देतायत, हे विचित्र नाही का? गोरेपणाचं आकर्षणच ना शेवटी? (नागपूर)

प्रश्न आवडला, आणि ह्याचं एका वाक्यात उत्तर नाही. गोरेपणाचं आकर्षण होतं, कशाला खोटं बोलायचं, वाडियांनी तिचे केस लपवले नाहीत ते काही तत्त्व म्हणून नाही. शिवाय आपल्या घरातली मुलगी त्या कपड्यात मांडी दाखवत, गडी आपटत उभी राहिली असती तर लोकांनी आणि सेन्सॉरने किती चालवून घेतलं असतं ह्याची मला शंकाच आहे. परकी होती म्हणून तिला सूट मिळाली.

पण पडद्यावर ती परकी नव्हती ना. नाव माधुरी, नाव सविता, हिंदी बोबडं का होईना पण हिंदी, आणि मारते कोणाला तर जुलमी सत्तेला. इंग्रजाविरुद्ध सरळ बोलायला सेन्सॉरची कात्री होती, मग दुष्ट वजीर उभा करायचा आणि त्याला बडवायचं. जेबीएच वाडिया स्वतः राजकारणातले जाणकार, पुढे साम्यवादाकडून मानवतावादाकडे वळलेल्या मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे, त्यांना हे सगळं कळत नव्हतं असं कोणी समजू नये. 1940 च्या 'डायमंड क्वीन'मध्ये तर नादिया मारामारी थांबवून चक्क ऐकवते की देश स्वतंत्र व्हायचा असेल तर आधी बायकांना स्वातंत्र्य द्यावं लागेल, आजच्या बाईवर हुकूम गाजवू शकाल ह्या भ्रमात राहू नका. एका मुंबईकर गोऱ्या बाईच्या तोंडून, हिंदीत, इंग्रज राज्य करत असताना. तुम्ही विचित्र म्हणता ते आहेच, पण मला ते फक्त विचित्र म्हणून सोडून देता येत नाही. आणि ती इकडेच राहिली, इकडेच म्हातारी झाली, 1996 च्या जानेवारीत मुंबईतच गेली, हे पण हिशेबात धरा.

प्रश्न : तिचे जादूचे, परीकथेचे सिनेमे पण होते म्हणे. तेव्हा ग्राफिक्स नव्हते मग कसं करायचे? (औरंगाबाद)

होते की. 'बगदाद का जादू' 1956 चा. त्या काळात अरबी कथा, उडते गालिचे, राक्षस ह्याला मरण नव्हतं आणि होमी वाडियांची बसंत पिक्चर्स त्यात मास्टर, 'हातिमताई' पण त्यांचाच, त्यात मात्र नादिया नाही.

ट्रिकचा जादूगार म्हणजे बाबूभाई मिस्त्री, सुरतचा माणूस. काळा धागा हे त्यांचं मुख्य हत्यार. काळ्या पडद्यापुढे काळ्या धाग्याला वस्तू बांधायची, ती उडाली, तरंगली की धागा दिसत नाही. तेवढंच, पण लायटिंग चुकलं तर धागा चमकतो आणि अख्खा शॉट वाया, म्हणून हात सराईत लागायचा. 'मुकाबला'मध्ये, 1942, नादियाचा डबल रोल आहे, जुळ्या बहिणी. त्यासाठी कॅमेऱ्याच्या लेन्सचा अर्धा भाग झाकायचा, उघड्या अर्ध्यात पहिली नादिया शूट करायची, मग तीच फिल्म मागे गुंडाळायची, झाकण दुसऱ्या बाजूला आणि दुसरी नादिया त्याच फिल्मवर. कॅमेरा केसभरही हलला तर मध्ये रेघ येते. आणि नटीला समोर कोणी नसताना बरोबर त्याच जागी बघून, बरोबर तेवढाच वेळ थांबून बोलायचं असतं. इथे परत मोजून हालचाल करायची सवय कामाला येते, पुण्याच्या ताईंनी वाचलंय ना?

प्रश्न : तो कंगनाचा 'रंगून' सिनेमा हिच्यावरच आहे ना? (ठाणे)

प्रेरणा तिचीच, गोष्ट तिची नाही. वाडियांनी त्यावरून कोर्टाची पायरी पण चढली होती. खरी नादिया बघायची असेल तर 'डायमंड क्वीन' किंवा 'मिस फ्रंटियर मेल' बघा, आणि रियाद विन्ची वाडिया, जेबीएचचा नातू, त्याने 1993 ला तिच्यावर माहितीपट केलाय तो मिळाला तर अजून छान.

प्रश्न : इतकी हिट होती तर मग आपल्या आजीपणजीच्या तोंडी देविकाराणी, दुर्गा खोटे असतात, नादिया का नसते? (सातारा)

कारण स्टंटपट म्हणजे पिटातल्या लोकांचा सिनेमा असं ठरलेलं होतं. चार आणे वाल्यांचा. शिकलेल्या घरात हा सिनेमा बघितला तरी सांगायचं नाही. आपल्या मास्टर विठ्ठलना हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स (हॉलीवूडचा तेव्हाचा मारधाडीचा हिरो) म्हणायचे, पहिल्या बोलपटाचे म्हणजे 'आलम आरा'चे हिरो ते, पण आज किती घरात त्यांचं नाव निघतं?

मला जास्त चीड येते ती दुसऱ्या गोष्टीची. 1941 ला जेबीएचनी 'राज नर्तकी' काढला, मोठा प्रतिष्ठेचा, इंग्रजीत पण केला, हिंदी बंगालीत पण, आणि त्यात नाचायला साधना बोस. बोसबाई थोर नर्तकी, त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण घरात वर्षानुवर्षं उड्या मारणारी एक नाचणारी होती, तिच्या कामाला नाच कोणी म्हटलंच नाही! तिचा तो स्टंट, ह्यांची ती कला. जेबीएचना आता सोशल, सुसंस्कृत सिनेमा करायचा होता, होमींना हे मारधाडीचं सोडायचं नव्हतं, आणि 1942 च्या आसपास भाऊ वेगळे झाले. होमींनी बसंत काढली आणि 1943 ला 'हंटरवाली की बेटी' आणला. तोही चालला, प्रेक्षक कुठे गेला नव्हता.

प्रश्न : होमी वाडियांशी लग्न झालं होतं का तिचं? (नाव गाव नको)

झालं, पण 1961 ला. म्हणजे पंचवीस वर्षं बरोबर काम करून. होमींच्या आईचा विरोध होता आणि आई होती तोवर त्यांनी केलं नाही. ज्यांना प्रेमात सहा महिने थांबवत नाही त्यांनी हे वाचून ठेवावं, पण तुम्ही पण पंचवीस वर्षं थांबा असं मी म्हणत नाहीये, उगाच मला मेसेज करू नका. लग्नानंतर ती जवळजवळ निवृत्तच झाली, 1968 चा 'खिलाडी' हा शेवटचा, तेव्हा साठीला आलेली.

प्रश्न : ताई मी एकोणीस वर्षांची आहे, लहानपणापासून भरतनाट्यम करतेय आणि आता लावणीच्या शोला पण जाते. मला अ‍ॅक्शन करायची आहे. घरचे म्हणतात नाच वाया जाईल. नाचातून अ‍ॅक्शनमध्ये गेलेल्या आताच्या कोणी आहेत का? आणि सुरुवात कशी करू? सोबत व्हिडिओ पाठवलाय. (सांगली)

आहेत, आणि साध्यासुध्या नाहीत. मिशेल यो लंडनला बॅले शिकायला गेलेली मलेशियाची मुलगी, पाठीच्या दुखापतीमुळे नाच सुटला, नंतर हाँगकाँगच्या सिनेमात अ‍ॅक्शन करायला लागली, 1985 च्या 'येस मॅडम'पासून, पुढे ऑस्करपर्यंत गेली. झांग झीयी बीजिंगच्या नृत्य अकादमीत शिकलेली, तिला तलवारबाजी येत नव्हती, ती म्हणे नाचाच्या पाठांतरासारखी बसवून घेतली. चेंग पेईपेई तर त्यांच्याही आधीची, 1966 ला हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स स्टुडिओची तलवारवाली, मूळची नाचाचीच. नाच वाया जात नाही हे घरी सांगायला एवढं पुरे.

आता तुझा व्हिडिओ. बैठक मस्त, अरमंडीत खाली बसतेस तेव्हा गुडघे बरोबर बोटांच्या दिशेला आहेत, ते जप. लाथ मारतानाचा जो तुकडा आहे त्यात पायाची बोटं पुढे ताणलेली आहेत, ते नाचात सुंदर दिसतं, पण खऱ्या पॅडवर तशी लाथ बसली तर अंगठा मोडेल, तिथे टाच किंवा पंजाचा खालचा भाग लागायला हवा, कोणत्या लाथेला काय ते मास्तर सांगतील. दुसरं म्हणजे तू उडी मारून खाली येतेस ती सरळ पाय थापून, भरतनाट्यमची सवय. अ‍ॅक्शनमध्ये उतरताना आवाज येता कामा नये, गुडघ्यातून बसत, अंग गोळा करत लोळून जायचं. म्हणून आधी जिम्नॅस्टिक्स किंवा ज्युडोचा क्लास बघ, ज्युडोत पहिले कितीतरी दिवस फक्त पडायलाच शिकवतात, कंटाळा येईल, सोडू नकोस. मल्लखांब सांगलीकडे मिळेलच, तो सोन्याहून पिवळा. युट्यूब बघून गच्चीवर कोलांट्या मारायच्या नाहीत, हे मी तुझ्या आईच्या वतीने सांगतेय.

मुंबईत स्टंट आर्टिस्ट लोकांची असोसिएशन आहे, काम बहुतेक त्यांच्या मेंबरनाच मिळतं, पण तिथवर जायच्या आधी वर्षभर तरी अंग तयार कर. कोणी फोन करून पोर्टफोलिओचे पैसे भर, लगेच वेबसिरीजमध्ये घेतो म्हणाला तर नंबर ब्लॉक कर. आणि लावणीचे शो सोडू नकोस, हजार माणसांसमोर शिट्ट्यांच्या गोंधळात ठेका न चुकवता उभं राहायची प्रॅक्टिस दुसरीकडे कुठे मिळणारे? क्लास ठरला की कळव, ज्युडोचा घेतलास की जिम्नॅस्टिक्सचा, आणि गुडघा आता दुखत असेल तर आधी ऑर्थोपेडिककडे जाऊन ये.